बिननंबरी चष्मा

“आत्या, तुझं यंत्र बिघडलंय,” भाची आतल्या खोलीतून म्हणाली, आणि मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते ती जरा जोरातच बसली. माझं यंत्र बिघडत नाही. या दुकानातली कुठलीच वस्तू माझ्या परवानगीशिवाय बिघडत नाही, हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. गिऱ्हाईक ‘आई गं’ म्हणालं, मी ‘होईल सवय’ म्हटलं आणि त्याला वाटेला लावून आत गेले. आतल्या खोलीत अक्षरांचा तक्ता लावलेल्या भिंतीसमोर चष्म्याचा नंबर मोजायचं यंत्र आहे. चष्मा त्यात ठेवायचा, डोळा लावायचा, बाजूचं चाक फिरवत राहायचं आणि आतल्या हिरव्या रेषा स्पष्ट झाल्या की चाकावरचा आकडा वाचायचा, की झालं. हे मीच तिला थोड्या वेळापूर्वी शिकवलं होतं, कारण पोरगी कंटाळून नखं कुरतडायला लागली होती. पण यंत्रात तिने कुठला चष्मा ठेवलाय ते मी आत्ता बघितलं. जाड काळी फ्रेम, डाव्या दांडीला दोरा गुंडाळलेला. माझा लहानपणचा चष्मा. “याला हात लावायला तुला कोणी सांगितलं?” “मोजत होते फक्त. पण काही येतच नाही बघ. सारखं शून्यच.” तिला बाजूला सारून मी डोळा लावला. चाक शून्यावर होतं आणि रेषा लख्ख. चाक हलवलं की पुसट, शून्यावर आणलं की पुन्हा लख्ख. दुसरी काच लावली, तिचीही तीच गत. माझ्या रोजच्या वापरातला वाचायचा चष्मा काढून लावला, तर त्याचा नंबर बरोबर जेवढा आहे तेवढाच आला. यंत्र उत्तम होतं. माझ्या त्या चष्म्यात खिडकीच्या तावदानात असतो तेवढाच नंबर होता.

आता हे इतकं मनाला लावून घ्यायचं कारण काय, असं कोणी विचारील. कारण तो चष्मा म्हणजे माझी अख्खी कहाणी आहे. दुकानाच्या दर्शनी काचकपाटात, मखमलीच्या तुकड्यावर, सगळ्या नव्या फ्रेमांच्या मधोमध मी तो मांडून ठेवला आहे. चष्मा लागणार म्हटलं की पोरं भोकाड पसरतात, मग मी त्यांना हाताला धरून कपाटापाशी नेते आणि सांगते, हा बघ, हा माझा. मला सगळे ढ म्हणायचे. अरे, ढ कसली, मला फळाच दिसत नव्हता! चष्मा लागला आणि वर्षाच्या आत मी वर्गात वर आले. पोरं गप्प होतात, आयांचे डोळे भरून येतात. शेजारचा किल्ल्या बनवणारा माझ्या सुरात हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि वर हसतो. हसू दे मेल्याला. मला अभिमान आहे. जिला घरात भोपळा म्हणायचे, कारण गणिताच्या पेपरात तिला भोपळाच मिळायचा, तिने दृष्टिविज्ञानाची पदवी पहिल्या वर्गात घेतली, प्रकाशाच्या गणितात वर्गातल्या सगळ्या मुलांना मागे टाकलं, आणि आज या रस्त्यावर लोक घड्याळजीच्या दुकानाचा पत्तासुद्धा ‘चष्मेवाल्या बाईंच्या पलीकडे’ असा सांगतात. हे मी केलं. पण मी ढ नव्हते, मला दिसत नव्हतं, हा त्या सगळ्याचा पाया होता, आणि तो आत्ता या पोरीने चाक फिरवून शून्यावर आणून ठेवला होता.

आणि ती आली होती तीही त्याच कहाणीच्या भरवशावर. सकाळी माझ्या थोरल्या भावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला होता. “हिला फळ्यावरचं दिसत नाही म्हणते. सोमवारी गणिताची परीक्षा आहे, यात नापास झाली तर खालच्या तुकडीत टाकणार आहेत. तुझ्यासारखंच असेल बघ. एक चष्मा ठोकून दे, म्हणजे सुटेल बिचारी.” मग जरा थांबून, प्रेमाने, हो, प्रेमानेच म्हणाला, “नाहीतर काय, आत्यावर गेलीय.” मी फोन ठेवला तेव्हा कान तापले होते. पन्नाशी उलटली, दाराबाहेर नावाची पाटी लागली, तरी दादाच्या तोंडी आत्यावर जाणं म्हणजे भोपळ्यावर जाणं. दादा आमच्या घरातला हुशार. ते कधी ठरलं हे कुणाला आठवत नाही, तो बोलायला लागला त्या दिवशीच ठरलं असावं. हुशार म्हणून त्याला खिडकीजवळची जागा, हुशार म्हणून त्याला बाजारात जायला लागायचं नाही. बुद्धिबळात चाळीतल्या सगळ्यांना हरवायचा. मग खालच्या मजल्यावर एक शिंपी राहायला आला आणि त्याने दादाला एकदा हरवलं. त्या दिवशी दादाने पट कपाटावर टाकला तो पुन्हा कधी काढला नाही. विचारलं तर म्हणायचा, वेळ कुठाय. पुढेही तो जे येतं तेच करत राहिला, आणि ते छानच करत राहिला. हे मी आजवर त्याच्याविषयी बोलले नाही, आणि आज बोलते आहे ते रागाने.

भाचीला मी खुर्चीत बसवलं तेव्हा तिने चार ओळी घडाघड वाचल्या आणि पाचवीपाशी अडली. “नाही दिसत.” बुबुळ बघितलं, आतला पडदा बघितला, दोन्ही डोळे नुकत्या पुसलेल्या काचेसारखे. मग मी माझा जुना उपाय केला. चाचणीच्या फ्रेममध्ये साधी, बिननंबरी काच सरकवली, आवाज खालच्या पट्टीत नेला आणि म्हटलं, “हं. आता दिसेल.” आणि पोरीने तक्ता तळापर्यंत वाचून काढला, छापखान्याचं बारीक नावसुद्धा. हे असं होतं. धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने धरून ठेवलेलं असतं की आपल्याला दिसणार नाही, त्याला कुणीतरी आता दिसेल म्हणावं लागतं. मला त्याचं नेहमी हसू येतं. आज हसले नाही, कारण लगेच पुढचं डोळ्यासमोर आलं. दादाला सांगायचं काय? आमच्या घरात पोरीला गणित येत नसेल तर कारणं दोनच. डोळे, नाहीतर डोकं. डोळे चांगले आहेत असं मी म्हटलं की उरलेलं दुसरं आपोआप सिद्ध झालं. मग ती सोमवारी परीक्षेला बसायच्या आधीच नापास. एवढ्यात बाहेर घंटी वाजली, गिऱ्हाईक आलं, आणि मी तिला यंत्राशी खेळत ठेवून बाहेर गेले होते.

आणि आता मी त्या यंत्रापाशी उभी होते. मला फळा दिसत नव्हता, हे खोटं नाही. मला आठवतंय. वर्गाच्या भिंती हिरवट होत्या, फळ्याची एक कड उडाली होती आणि तिथून लाकूड दिसायचं. बाई गणित घालायच्या, खडूचा करकर आवाज व्हायचा, आणि मग त्या वळून माझं नाव घ्यायच्या. नाव घेताना त्यांचा चेहरा आधीच दमलेला असायचा. मी उभी राहायची. फळ्यावरचे आकडे हलायला लागायचे, एकमेकांत मिसळायचे, आठाचा शून्य व्हायचा आणि शून्याचा नुसता पांढरा धूर. “बोल. बोल ना. नाही ना येत? बस खाली. पालथ्या घड्यावर पाणी.” आणि बसता बसता गालावर एक. हे सगळं इतक्या पटकन व्हायचं की मी नीट उभीसुद्धा राहिलेली नसायची. माझ्या मागची मुलगी उत्तर द्यायला हात वर करूनच बसलेली असायची. तर धूर होता. धूर मी बघितलाय. पण आता, हातात तो शून्याचा चष्मा धरून, इतकी वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून झाल्यावर, मी स्वतःला विचारलं, की लांबचं न दिसणाऱ्या मुलाला आकडे कसे दिसतात? पुसट दिसतात. नाव घेण्याच्या आधीही पुसट आणि नंतरही पुसट. हलत नाहीत. आकडे हलतात, तरंगतात, एकमेकांत मिसळतात ते कधी, तर डोळ्यांत पाणी असतं तेव्हा. पाण्याने भरलेल्या डोळ्यांना साऱ्या जगाचा नंबर लागतो. हे मला, पदवीवालीला, इतक्या वर्षांत सुचू नये? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि तो अंधार मीच जपला असावा. सोळाव्या वर्षी दांडी मोडली, दोरा बांधून चालवून बघितलं, मग एक दिवस चष्मा न घालताच कॉलेजला गेले आणि सगळं दिसलं. नंबर गेला, असं मी म्हटलं. पुढे मीच रोज पालकांना सांगायला लागले की लांबचा नंबर असा आपोआप जात नसतो, वाट बघू नका. हे सांगताना समोरच्या कपाटात माझा चष्मा मखमलीवर बसलेला असायचा. मोजावासा वाटला नाही. पण चष्मा घातला त्या दिवसाची आठवण तर पक्की आहे. आई मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. कुठे ते आठवत नाही, लांबलचक बोळ होता, खोलीत एक मोठा आरसा आणि त्याच्या चारी बाजूंना दिवेच दिवे. मला वाटलं ते डोळे तपासायचं साधन. डॉक्टर उंच, पांढऱ्या कोटातले, कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांनी विजेरी मारून माझ्या डोळ्यांत इतका वेळ बघितलं की मला वाटलं यांना आत सगळं दिसलं. मग म्हणाले, “हं. असं आहे तर हे प्रकरण.” तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. पोटातून आलेला. त्यांनी चष्मा चढवला, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, “हं. आता दिसेल.” मी गिऱ्हाइकांना म्हणते ते हेच, त्याच पट्टीत. माझ्या हाताखाली शिकलेली पोरंही आता त्यांच्या दुकानांत तसंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी नाव घेतलं. मी उभी राहिले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा थांबला. दमायच्या आधी थांबला. त्या जाड काळ्या फ्रेमकडे त्यांनी असं बघितलं, की जणू वर्गात नवीनच मुलगी आली आहे. “अगं बाई, तुला दिसत नव्हतं होय? आता दिसतंय ना? वाच बघू.” आणि त्या थांबल्या. हातात खडू धरून, मान तिरकी करून, नुसत्या थांबल्या. फळ्यावर तीन छेद चारमधून दोन छेद तीन वजा करायचे होते. मागच्या मुलीने हात वर केला, तर बाई म्हणाल्या, “तू थांब. तिला करू दे.” खिडकीबाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा थाप थाप आवाज येत होता. गाल आखडला होता, मारासाठी तयार होता. मार आला नाही. मग आकडे हळूहळू आपापल्या जागेवर जाऊन बसले. तीन आणि चार, दोन आणि तीन. खाली बारा घ्यायला हवेत हे माझं मला कळलं. नऊ, आणि आठ. “एक छेद बारा,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. बाई म्हणाल्या, “बघा! पोरगी हुशार आहे, डोळ्यांनी घात केला होता.” त्या दिवसापासून बाई मला अवघड गणितं घालायला लागल्या, कारण हुशार मुलीला सोपी कशाला घालायची. आणि मी ती सोडवायला लागले, कारण हुशार मुलीला ती यायलाच हवीत.

“आत्या, तू रडतेस का?” भाचीने विचारलं. मी म्हटलं, “काच बघून बघून डोळ्यांवर ताण येतो,” आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून, चष्मा मुठीत आणि भाची मागे अशी जिना चढून वर गेले. वर मी आणि आई राहतो. आईने ऐंशी ओलांडली आहे, पण तोंड अजून कात्रीसारखं चालतं. तारुण्यात ती एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायची. वडील लवकर गेले, तिच्या सुईवर आम्ही दोघं वाढलो. आम्हाला मात्र तिने थेटरात कधी पाऊल ठेवू दिलं नाही, तिथे पोरांचं काम नाही म्हणायची. आत्ताही ती खिडकीशी बसून माझ्या झग्याची उसवलेली शिवण घालत होती. मी चष्मा तिच्या मांडीवर ठेवला. “आई, याला नंबर नाही.”

तिने मान वर केली नाही. “मग? असायला हवा होता?”

“आई!”

“ओरडू नको, सुई टोचेल. आमच्या कंपनीतला आहे तो. मास्तरीणबाईचं काम करायची ती नटी लग्न करून गेली, चष्मा पेटीत पडून होता. बारक्या तोंडाची होती ती, तुला बरोबर बसला.”

“आणि ते डॉक्टर?”

“तो होय!” आईने सुई खाली ठेवली आणि चक्क हसली. “तो आमच्याकडे रोज तिसऱ्या अंकात मरायचा. गुणी माणूस. मी म्हटलं, माझ्या मुलीसाठी एवढं करा. त्याने न्यायाधीशाचा झगा उतरवला, डॉक्टरचा कोट चढवला आणि म्हणाला, बाई, वाक्यं तेवढी सांगा. मी म्हटलं, वाक्यं कसली, दोन शब्द बोला आणि सोडा. तर त्याने विजेरी काढून पाव तास तुझ्या डोळ्यांत बघितलं. नटाला काम दिलं की तो पुरेपूर करतो.”

म्हणजे माझा डॉक्टर. ज्याचा आवाज मी इतकी वर्षं गळ्यात घालून मिरवते आहे, ज्याच्यासारखं व्हायचं म्हणून मी हा धंदा धरला, तो संध्याकाळी न्यायाधीशाचा झगा चढवून तिसऱ्या अंकात मरायचा. हसू आलं, इतकं की पोटात दुखलं, आणि हसता हसता मनात एक गोड शंका उभी राहिली. वाटलं, आईने ओळखलं असणार. सगळं जग भोपळा म्हणत होतं तेव्हा या बाईला ठाऊक असणार की आपली मुलगी हुशार आहे, लोकांना ते दाखवायला तिला नुसता वेष द्यायला हवा. आयांना कळतं म्हणतात. मी तिचा हात धरला. “आई, तुला तेव्हाच माहीत होतं ना, की मी हुशार होईन?”

“छे गं!” आई म्हणाली. “मला काय स्वप्न पडलं होतं? तू ढच होतीस की. घरी शिकवायला बसले तर मलाच रडू यायचं.”

“मग चष्मा कशाला?”

आईने माझ्या गालाला बोट लावलं, डाव्या. “हा सुजलेला असायचा. रोज. शाळेत जाऊन बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मी घरी येताना विचार करत आले. चष्मेवाल्या पोरीच्या तोंडावर हात उगारायला कोणी धजत नाही. काच फुटली, डोळ्यात गेली, तर? म्हटलं, घाला बाई आता घाव. ढ तर ढ राहील, पण गाल तरी शाबूत राहतील.” आणि तिने पुन्हा सुई उचलली.

भाची इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे आजी, आत्याला फळा दिसत होता?” “दिसत असणारच.” “मग ती खरंच ढ होती?” तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. तिला ते मनापासून हवं होतं, माझ्या उत्तरावर तिचं काहीतरी अवलंबून होतं, आणि ती नखं खायचं विसरली होती. हो म्हणावं, तर माझी कहाणी गेली. नाही म्हणावं, तर ते भोपळे कोणाचे होते? माझेच होते. पेपरावर माझं नाव होतं. डोळ्यांवर ढकलायची सोय आता राहिली नव्हती. मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर किल्लीवाला दुकान आवरत होता, घड्याळजी कुणाशी तरी भांडत होता. बाईंना वाटत नव्हतं की मला येईल, त्यांनी फक्त एका फ्रेमला मान दिला. दादाला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. आईला, माझ्या आईला, वाटत नव्हतं. मला तर नव्हतंच नव्हतं. काचेत काही नव्हतं. डॉक्टर डॉक्टर नव्हता. मग ते तीन छेद चारमधून दोन छेद तीन वजा केले कुणी? त्या खिडकीशी उभं राहून मी हे स्वतःला दोनदा विचारलं, आणि माझी मान आपोआप ताठ झाली. मी केले. कुणी मला थांबून संधी दिली, ती चुकून का होईना, पण ती मिळाल्यावर आत उत्तर होतं. नंबरच्या काचेने दिसलं असतं तर निम्मं श्रेय काचेचं होतं. आजवर मी ते निम्मं श्रेय मखमलीवर मांडून ठेवलं होतं, वेडी कुठली. ते सगळंच्या सगळं माझं होतं.

“हे बघ,” मी वळून म्हटलं, “मी ढ नव्हते आणि मला दिसतही होतं. मला भीती वाटत होती आणि कुणाला थांबायला वेळ नव्हता. उत्तर आतच होतं.” “माझ्या आत नाहीये,” भाची म्हणाली. “तुला काय माहीत? तू कधी गेलीस बघायला?” हे जरा जोरात निघालं, माझा स्वभावच तसा आहे. पण ती घाबरली नाही. “मग मलापण शून्याचा चष्मा दे,” ती म्हणाली. मी म्हटलं, “तुला आता कळलंय, ते औषध लागू पडणार नाही. तुला बिनचष्म्याचंच करावं लागेल. माझ्यापेक्षा एक पायरी अवघड.” आणि तिच्या तोंडावर, देवाशपथ सांगते, मला किंचित गर्व दिसला.

दादा तिला न्यायला आला तो जिन्यातूनच विचारत आला, “किती निघाला नंबर?” लबाडी करायची तर हीच वेळ होती. पाव नंबर सांगितला असता, एक साधी काच बसवून दिली असती, पोरीची इज्जत राहिली असती आणि माझी कहाणीही. “शून्य,” मी म्हटलं. “डोळे ठणठणीत आहेत.” दादाचा चेहरा पडला. त्याने उसासा टाकला, आणि तो उसासा मी ओळखला. बाईंचा होता, नाव घ्यायच्या आधीचा. “मग काय,” तो हळू आवाजात म्हणाला, “डोक्याचाच प्रश्न. तरी मी म्हणत होतो, आत्या...” “आत्यावर गेली आहे,” मी म्हटलं. “शंभर टक्के गेली आहे. आणि आत्याचे डोळे उत्तम होते, विचार आईला. काचेत काही नव्हतं, दादा. जे होतं ते डोक्यात होतं, माझ्या या डोक्यात. सोमवारपर्यंत ही माझ्याकडे राहील. आणि जाताना एक कर. तिच्यासमोर असा उसासा टाकू नकोस. भिंतीला तोंड करून टाक.” दादाने आईकडे बघितलं. आई म्हणाली, “खरं सांगतेय ती. आणि बस जरा, चहा घे, जेव्हा तेव्हा घाई.” तो बसला. चहा पिताना कितीतरी वेळ तो चष्मा उलटसुलट करून बघत होता, एकदा घालूनही बघितला. मग म्हणाला, “तो शिंपी होता ना खालचा, त्याच्याशी परत एकदा खेळायला हवं होतं.”

सोमवारपर्यंत आम्ही दुकानातल्या आतल्या खोलीत बसलो. तक्त्याच्या शेजारी एक छोटा फळा टांगला. गणित घातलं की तिची नजर खाली जायची, हात तोंडाकडे यायचा. मी काही म्हणायची नाही. थांबायची. मला कोणी रागीट म्हणो, पण थांबणं माझ्याइतकं कुणाला येत नाही. खुर्चीतला माणूस शेवटची ओळ वाचेपर्यंत मी आयुष्यभर थांबत आले आहे, घाई केली तर नंबर चुकतो. बाहेर घंटी वाजायची, गिऱ्हाईक खाकरायचं, मी ओरडून सांगायची, बसा, आत तपासणी चालू आहे. कधी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. “हललं का सगळं?” “हो.” “पूस. परत बघ. कुठे पळून जात नाहीत आकडे.” कधी उत्तर यायचं, कधी नाही यायचं. आलं की ती माझ्याकडे बघायची, आणि मी वाहवा करायची नाही, नुसतं पुढचं गणित घालायची, जरा अवघड. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा ती चिडली, “हे अवघड आहे!” मी म्हटलं, “मग? तुला सोपं कशाला घालू?” ती फळ्याकडे वळली तेव्हा तिची पाठ मला अगदी ओळखीची वाटली.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उभी होते. दुकान बंद ठेवून, जे मी आजारपणातही केलेलं नाही. जाण्याआधी तिने कपाटातला चष्मा एकदा मागितला होता. घातला नाही, हातात धरून त्यातून माझ्याकडे बघितलं आणि परत मखमलीवर ठेवला. मुलं बाहेर यायला लागली, घोळक्याने, उत्तरं पडताळत, एकमेकांवर ओरडत. ती सगळ्यांच्या शेवटी आली. दप्तर एका खांद्यावर, बोटांना शाई. मी विचारलं नाही, थांबले. ती समोर येऊन उभी राहिली. डोळे तांबडे नव्हते.

“पाचवं नाही सुटलं,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत नाही सुटलं. बाकीची केली.”

“बरं.”

“पण आत्या, दिसत होतं. सगळं दिसत होतं.”

तिने ते अशा सुरात म्हटलं, की जणू त्या पाचव्या गणिताशी अजून तिचं भांडण बाकी आहे, आणि ते ती सोडणार नाही. आम्ही चालायला लागलो. कोपऱ्यावर किल्लीवाला उभा होता, दुकान का बंद म्हणून विचारायला आलेला. “काय बाई, ही कोण?” “ही?” मी म्हटलं, आणि माझा आवाज पोटातून आला, त्या तिसऱ्या अंकात मरणाऱ्यासारखा, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. “ही माझी भाची. माझ्यावर गेलीय.”